रिपीटर सिग्नल: वाचायचा कसा, बसवायचा कुठे, तपासायचा कसा

ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. वळणाआडचा सिग्नल १७० मीटर उरल्यावर दिसू लागला, तर चालकाला जेमतेम सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात दिवा शोधायचा, तो आपल्याच रुळाचा आहे ना याची खात्री करायची, रंग ओळखायचा आणि ब्रेककडे हात न्यायचा. मध्येच ओव्हरहेड तारेचा खांब आडवा आला की त्यातलाही अर्धा-एक सेकंद गेला. अशा ठिकाणी मुख्य सिग्नलच्या अलीकडे आणखी एक सिग्नल उभा करतात, जो पुढच्याची स्थिती आधीच दाखवतो. तो रिपीटर.

रिपीटर खबर देतो. हुकूम फक्त मुख्य सिग्नलचा. एवढं पक्कं धरलं की त्याचं रूप, त्याची जागा, त्याची वायरिंग, सगळ्याची कारणं सापडतात. हुकूम द्यायचा नाही म्हणून त्याला लाल दिवा देत नाहीत. खबर चुकलीच तर ती सावधपणाच्या बाजूने चुकावी म्हणून सर्किट तसं बांधतात.

पुढे 'ऑन' म्हणजे सिग्नलची सर्वांत कडक स्थिती आणि 'ऑफ' म्हणजे जायची मुभा, असं वाचावं. जुन्या हाताच्या सिग्नलचा, म्हणजे सेमाफोरचा, खांबावरचा आडवा हात गाडीला वाट देताना खाली पडायचा, म्हणून 'सिग्नल पडला' म्हणजे सिग्नल मिळाला असं आपण आजही म्हणतो. रिपीटरच्या कामात हा शब्द टाळलेलाच बरा, कारण इथे करंट तुटून रिले (करंट मिळाला की 'उचलणारा' आणि संपर्क जोडणारा विजेचा स्विच) 'पडला' की सिग्नल ऑन व्हायला हवा.

डिस्टंट वेगळा, रिपीटर वेगळा

सर्वांत जास्त गल्लत इथे होते. डिस्टंट म्हणजे मुख्य सिग्नलच्या बराच अलीकडचा पूर्वसूचनेचा सिग्नल; त्याचं काम ब्रेक लावायला पुरेल इतकं आधी सांगणं. ताशी १०० वरून सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरवला तरी थांबायला सुमारे ७७० मीटर लागतात, आणि चालकाचा प्रतिसाद व ब्रेक पकडायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. लांब मालगाडीची गोष्ट आणखी वेगळी. दीडशे मीटरवरच्या रिपीटरने ही गाडी थांबणार नाही. ती थांबवायची तयारी डिस्टंटपाशीच सुरू झालेली असते.

मग रिपीटरचा उपयोग काय? डिस्टंट पिवळा बघून चालक वेग उतरवत येतो. दरम्यान मुख्य सिग्नल ऑफ झाला, तरी वळणाआड तो दिसत नाही, आणि गाडी विनाकारण रांगत राहते. रिपीटर ऑफ दिसला की ब्रेक सोडता येतो. उलट, आधी मिळालेला सिग्नल काही कारणाने परत ऑन केला गेला, तर ते सहा सेकंदांऐवजी अकरा-साडेअकरा सेकंद आधी कळतं.

तिसरा प्रकार को-ॲक्टिंग सिग्नलचा. एकाच खांबावर वर आणि खाली तोच संकेत दोनदा लावायचा, म्हणजे पुलाखालून खालचा दिसतो, दुरून वरचा. तो मुख्य सिग्नलचाच भाग आहे आणि हुकूमही देतो. अडथळा केवळ उंचीचा असेल तर रिपीटरचा खर्च करण्याआधी याचा विचार करावा.

कुठे कसा दिसतो

ब्रिटनमध्ये बॅनर रिपीटर: पांढरी गोल तबकडी, त्यावर काळा पट्टा. पट्टा आडवा म्हणजे पुढचा सिग्नल ऑन, ४५ अंशात वर तिरका म्हणजे ऑफ. जुन्या यंत्रात काचेमागे खराच पट्टा असतो. विद्युतचुंबक त्याला उचलून धरतो आणि करंट तुटला की वजनाने तो आडवा होतो. नव्या प्रकारात हे चित्र दिव्यांनीच तयार होतं, आणि त्यात तिसरी स्थितीही मिळते: तिरका पट्टा, मागे हिरवी पार्श्वभूमी. याचा अर्थ मुख्य सिग्नल हिरवा. नुसती पांढरी पार्श्वभूमी आणि तिरका पट्टा असेल तर तो ऑफ आहे, पण पिवळा किंवा दुहेरी पिवळा, म्हणजे सावधपणे जायचा.

जपानमध्ये काळ्या गोल फलकावर तीन पांढरे दिवे एका ओळीत लागतात. आडवी ओळ म्हणजे थांबा, तिरकी म्हणजे मर्यादित वेगाचा संकेत, उभी म्हणजे मोकळी वाट. रंग अजिबात नाही, सगळा अर्थ दिशेत. आमच्या मते दुरून ओळखायला ही पद्धत सर्वांत स्वच्छ, कारण एक दिवा गेला तरी उरलेल्या दोघांची दिशा कळते.

जर्मनीत मुख्य मार्गांवर डिस्टंट आणि मुख्य सिग्नल यांतलं नेहमीचं अंतर १,००० मीटर आहे. मधल्या टप्प्यात दृष्टी तुटत असेल तर डिस्टंटचाच संकेत पुन्हा दाखवतात. हा पुन्हा दाखवलेला आहे हे कळावं म्हणून त्यावर एक छोटा पांढरा दिवा जास्तीचा असतो, आणि डिस्टंटच्या खांबावर असतो तो फलक याला नसतो. हा फरक चुकला तर चालकाला वाटेल की अजून १,००० मीटर हाताशी आहेत.

भारतात रिपीटर बॅनरचा, चौकोनी टोकाच्या हाताचा किंवा रंगीत दिव्यांचा असू शकतो. ओळख 'आर' या इंग्रजी अक्षराने: हाताच्या सिग्नलांच्या हद्दीत पांढऱ्या गोल तबकडीवर काळं अक्षर, रंगीत दिव्यांच्या हद्दीत काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेलं पांढरं अक्षर. दिव्यांच्या प्रकारात पिवळा म्हणजे मुख्य सिग्नल ऑन, हिरवा म्हणजे ऑफ. इथला हिरवा फक्त 'ऑफ' एवढंच सांगतो. पुढचा सिग्नल प्रत्यक्षात पिवळाही असू शकतो. म्हणून ते अक्षर उजळलेलं असणं दिव्याइतकंच महत्त्वाचं आहे. अक्षर विझलं आणि हिरवा राहिला, तर चालक त्याला स्वतंत्र सिग्नलचा हिरवा समजण्याचा धोका असतो. अक्षराचा दिवा लागल्याचं सिद्ध झाल्याशिवाय हिरवा लागूच नये, अशी जोडणी ठेवणं शहाणपणाचं.

याशिवाय, वळणदार फलाटावर गार्डला स्टार्टर (फलाटावरून सुटायची परवानगी देणारा सिग्नल) दिसत नसेल तर ब्रिटनमध्ये 'ऑफ' अशी अक्षरं उजळणारी पेटी लावतात. सिग्नल ऑन असताना ती पूर्ण अंधारी राहते. तोही रिपीटरच, फक्त वाचणारा माणूस वेगळा.

जागा ठरवणं

आधी मोजायचं, मग खांब रोवायचा. लागतात चार आकडे: त्या ठिकाणचा कमाल वेग, वळणाची त्रिज्या, आतल्या बाजूचा अडथळा (खोदलेल्या बाजूची भिंत, झाडी, इमारत) रुळाच्या मध्यरेषेपासून किती दूर, आणि सिग्नल वाचायला द्यायचा वेळ. वेळेचा नियम रेल्वेगणिक वेगळा असतो. उदाहरणासाठी ८ सेकंद धरू.

वळणावर सिग्नल किती दुरून दिसेल याचा ढोबळ हिशोब असा: त्रिज्या गुणिले अडथळ्याचं अंतर गुणिले ८, आणि त्याचं वर्गमूळ. त्रिज्या ६०० मीटर, अडथळा ६ मीटरवर, तर ६०० × ६ × ८ = २८,८००; वर्गमूळ सुमारे १७० मीटर. ताशी १०० च्या वेगाला ८ सेकंदांसाठी २२२ मीटर हवेत. म्हणजे ५२ मीटर कमी पडतात.

आता दोनच वाटा. एक, वेग कमी करायचा: १७० मीटरमध्ये ८ सेकंद बसवायचे तर वेग ताशी ७६ च्या आत हवा. कमी वर्दळीच्या मार्गावर ७५ ची मर्यादा लावून काम भागतं आणि सांभाळायला एक यंत्रही वाढत नाही. दुसरी वाट रिपीटरची. अर्थात सिग्नलच थोडा हलवता आला, किंवा खांब वळणाच्या बाहेरच्या बाजूला नेता आला, तर त्याहून उत्तम काहीच नाही. रिपीटर हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

रिपीटर किती अलीकडे ठेवायचा? 'जितका आधी तितकं बरं' हे वाटतं खरं, पण फसवं आहे. वरच्याच वळणावर तो ४०० मीटर अलीकडे लावला तर तो ओलांडल्यावर मुख्य सिग्नल दिसेपर्यंत २३० मीटरचा, म्हणजे आठ-सव्वाआठ सेकंदांचा आंधळा टप्पा राहतो. तेवढ्यात पुढे काहीही बदलू शकतं आणि चालक शिळ्या खबरीवर गाडी चालवत असतो. म्हणून रिपीटर मागे जाण्याआधीच मुख्य सिग्नल नजरेत आला पाहिजे. इथे दृष्टी १७० मीटरची आहे, तर रिपीटर साधारण १५० मीटरवर ठेवावा. वीस मीटरची सांधेजोड मिळते. त्याच वळणावर रिपीटरही १७० मीटरवरून दिसत असेल तर एकूण खबर १५० + १७० = ३२० मीटर आधीपासून, म्हणजे साडेअकरा सेकंद मिळते. एका रिपीटरने भागत नाही इतकं लांब वळण असेल तर दुसरा लावावा, पण त्याच नियमाने.

कागदावरचा हिशोब इंजिनच्या खिडकीतून पडताळायचाच. चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, ऊन समोर असताना, अंधारात, आणि पावसाळ्यात झाडी वाढल्यावर. शेजारच्या रुळावर उभी असलेली मालगाडी हा अडथळा आराखड्यात कधीच नसतो, जागेवर मात्र रोज असतो. समांतर रुळांचे रिपीटर एकमेकांशेजारी असतील तर वळणावर दुरून त्यांचा क्रम उलटा भासू शकतो; तेव्हा खांबांच्या जागा किंचित पुढे-मागे करण्यापेक्षा ते एकाच रेषेत, आपापल्या रुळाच्या अगदी जवळ ठेवणं चांगलं.

सर्किट

तत्त्व सोपं आहे: मुख्य सिग्नल खरोखर ऑफ आहे याचा पुरावा मिळाला तरच रिपीटर ऑफ.

'खरोखर' या शब्दात सगळं काम आहे. हाताच्या सिग्नलमध्ये संपर्क लिव्हरवर न घेता हातावरच घ्यायचा. लिव्हर ओढला पण तार सैल असेल, तर हात जागचा हलत नाही. लिव्हर परत टाकला पण कप्पी अडकली, तर हात ऑफवरच राहतो. लिव्हरवरून घेतलेली खबर दोन्ही वेळा खोटी ठरते. केबिनमध्ये ऑन, ऑफ आणि 'चूक' अशा तीन स्थिती दाखवणारी काट्याची यंत्रं याचसाठी असतात. हात मध्येच लोंबकळत असेल तर काटा मध्ये राहतो.

रंगीत दिव्यांत पुरावा दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी सिग्नल देणाऱ्या रिलेची. भारतीय आराखड्यांत पिवळ्यासाठी एचआर, दुहेरी पिवळ्यासाठी एचएचआर आणि हिरव्यासाठी डीआर असतात. सामान्यतः बाकीचे दोन एचआर उचलल्याशिवाय उचलत नाहीत, म्हणून एचआरचा फ्रंट संपर्क (रिले उचलला की जुळणारा) पुरतो. दुसरी पायरी दिवा लागल्याची. रिले उचलला, पण पिवळा दिवाच गेला, तर चालकाला समोर काळोख दिसतो आणि त्याने तो लाल समजायचा असतो. अशा वेळी रिपीटर ऑफ राहिला तर तो मुख्य सिग्नलपेक्षा उदार झाला. ते टाळायला दिव्याच्या करंटवर चालणाऱ्या ईसीआर रिलेचे संपर्क, म्हणजे पिवळ्याचा एचईसीआर आणि हिरव्याचा डीईसीआर समांतर, एचआरच्या पुढे सिरीजमध्ये घालतात.

पाठवणाऱ्या आणि परतणाऱ्या, दोन्ही तारांत हे संपर्क घालायचे, म्हणजे सिग्नल ऑन असताना दोन्ही तारा तुटलेल्या राहतात. एकच तार तोडली आणि केबलला दोन ठिकाणी जमिनीशी गळती लागली, तर करंट संपर्काला वळसा घालून रिलेपर्यंत पोहोचतो. मुख्य सिग्नल ऑन, रिपीटर ऑफ: सर्वांत वाईट बिघाड तो हाच.

एक बारीक त्रास नेहमी दिसतो. मुख्य सिग्नल पिवळ्याचा हिरवा होताना क्षणभर एक ईसीआर पडतो आणि दुसरा उचलायचा असतो. त्या फटीत रिपीटर लुकलुकतो. उपाय म्हणून ईसीआर किंचित उशिरा पडणारा ठेवतात. पण हा उशीर फट भरण्यापुरताच. तो वाढवत नेला तर मुख्य सिग्नल ऑन झाल्यावरही रिपीटर रेंगाळतो. एचआरच्या बाजूला असा उशीर मुळीच नको.

चालकाने काय समजायचं

ऑन रिपीटर ओलांडणं हा गुन्हा नाही. ओलांडताना मुख्य सिग्नलपाशी थांबता येईल असा वेग हवा, एवढंच. ऑफ रिपीटर म्हणजे 'बघितलं त्या क्षणी पुढचा ऑफ होता', त्याहून जास्त काही नाही. पुढचा सिग्नल कोणत्या वाटेसाठी दिला आहे, हे साधा रिपीटर सांगत नाही. सांध्यांवरून वळायचं असेल तर वेग मुख्य सिग्नल बघूनच ठरवावा. रिपीटर अंधारा असेल तर तो ऑन धरावा. रिपीटर आणि मुख्य सिग्नल यांचं जमत नसेल तर मुख्य सिग्नल पाळावा आणि लगेच कळवावं. रिपीटर ऑन आणि सिग्नल ऑफ असला तरीही, कारण आज सावध बाजूला चुकणारं सर्किट उद्या कुठे चुकेल ते सांगता येत नाही.

खास धोक्याची जागा म्हणजे रिपीटर आणि सिग्नल यांच्यामध्ये असलेला फलाट. गाडी ऑफ रिपीटर बघून फलाटात येते, दोन मिनिटं थांबते, गार्डची घंटा वाजते आणि डोक्यात राहिलेल्या ऑफवर गाडी सुटते. मधल्या काळात सिग्नल परत ऑन झालेला असू शकतो. गाडी थांबली की रिपीटरची खबर संपली, असंच धरायचं.

बिघाड कुठे शोधायचा

रिपीटर कायम ऑन, मुख्य सिग्नल नीट: आधी ईसीआर बघा. साध्या दिव्याच्या जागी एलईडी युनिट बसवलं आणि ईसीआर जुनाच राहिला, तर कमी करंटवर तो उचलत नाही. मग केबल जोड, मग टर्मिनलवरचे सैल नट.

रिपीटर अधूनमधून विनाकारण ऑन होतो: गाडी जाताना होत असेल तर कंपनाने सैल झालेला जोड, पावसातच होत असेल तर पेटीत पाणी किंवा इन्सुलेशन. साधे दिवे लवकर जात असतील तर होल्डरवरचा व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टचा दिवा १०.८ च्या आसपास चालवला की प्रकाशात सुमारे ३० टक्के घट होते, आयुष्य मात्र कितीतरी वाढतं.

जुन्या बॅनरचा पट्टा अर्ध्यावर अडकणं हे गंजलेल्या आसाचं किंवा वाळलेल्या ग्रीसचं काम. तिथे जास्त ग्रीस थापणं हा उपाय नव्हे. धूळ धरून ते पुन्हा घट्ट होतं. साफ करून हलकं तेल द्यावं आणि करंट तोडल्यावर पट्टा स्वतःच्या वजनाने, न अडखळता आडवा येतो का ते बघावं. काचेवर सकाळ-संध्याकाळचं ऊन पडून पट्टा दिसेनासा होत असेल तर लांब हूड लावावा किंवा पेटीचा कोन किंचित खाली करावा.

चाचणी

नवीन रिपीटर सुरू करताना, आणि मुख्य सिग्नलचा दिवा, रिले, केबल किंवा जागा यांपैकी काहीही बदललं की, हा क्रम पूर्ण करायचा. दोघं लागतात: एक मुख्य सिग्नलपाशी, एक रिपीटरपाशी, आणि दोघांनीही डोळ्यांनी दिव्याकडे बघायचं, पॅनेलकडे नाही.

१. मुख्य सिग्नल प्रत्येक संकेतावर आणून रिपीटर जुळतो का बघा: लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा.

२. सिग्नल पिवळा असताना पिवळा दिवा काढा. रिपीटर ऑन झालाच पाहिजे. तसंच हिरव्याचं.

३. सिग्नल ऑफ असताना एकेक तार वेगवेगळी तोडा, आधी पाठवणारी, मग परतणारी. दोन्ही वेळा रिपीटर ऑन. यानंतर सिग्नल ऑन ठेवून उघड्या संपर्काला एका तारेत वळसा घाला. दुसऱ्या तारेतल्या तोडीमुळे रिपीटर ऑनच राहायला हवा. वळशाची तार काढल्याची नोंद दोघांनी सही करून करायची.

४. सिग्नल ऑफवरून ऑन करा आणि रिपीटर रेंगाळतो का ते बघा.

५. रिपीटरचा वीजपुरवठा तोडा. बॅनरचा पट्टा आडवा, दिव्यांचा प्रकार अंधारा. चुकून कुठेही ऑफचा आभास नको.

६. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) केबलचं इन्सुलेशन मोजा. त्याआधी एलईडी युनिट दोन्ही टोकांनी सोडवलेली आहेत ना ते तपासा, नाहीतर चाचणीनेच ती जळतील.

७. शेवटी इंजिनमधून, मार्गाच्या कमाल वेगाने. रिपीटर पहिल्यांदा दिसला तिथून मुख्य सिग्नल ओलांडेपर्यंत घड्याळ लावा, आणि रिपीटर मागे पडण्याआधी मुख्य सिग्नल नजरेत आला होता का, ते लिहून घ्या. आला नसेल तर खांब हलवायचा. नोंदवहीत 'दृष्टी समाधानकारक' असा शेरा मारून सुटका करून घ्यायची नाही.